जागा, कागद आणि गवंडी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांपैकी लग्नातले पाहण्याचे काम आपण बायका पुरेपूर करतो. याद्या, मानपान, कोणाला पातळ आणि कोणाला नुसता खण, सारे आपल्याला तोंडपाठ असते. घर बांधताना मात्र आपला भाग भूमिपूजनाचे ताट, गवंड्यांचा चहा आणि वास्तुशांतीचा स्वयंपाक एवढ्यावर संपतो. जागा कोणाकडून घेतली, कागद कोणते झाले, मक्तेदाराशी काय ठरले, हे पुरुषमंडळी पाहतात. ‘तुला त्यातले काय कळते?’ असे कोणी विचारण्याच्या आधी आपणच स्वतःला तसे विचारतो आणि गप्प बसतो.

मीही पुष्कळ वर्षे गप्प बसले होते. मग दुसऱ्यांदा जागा घेण्याची वेळ आली तेव्हा कागद हातात घेतले. वाचता वाचता ध्यानात आले की या कागदांना इतिहास आहे. कोणता कागद कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केला हे कळले, की त्यात काय पाहावयाचे तेही कळते. म्हणून तो इतिहास आणि त्याच्या जोडीला आमची थोडी हकीकत येथे सांगत आहे.

जमीन मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची पाहणी केली, तेव्हा पाच हात पाच मुठी लांबीची काठी ठरविली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद एवढी जमीन म्हणजे एक बिघा. पुढे इंग्रजांचे राज्य आले. त्यांची पुणे जिल्ह्यातली पहिली पाहणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. तिच्यावरून बसविलेला सारा शेतकऱ्यांना झेपेना, आणि माणसे जमिनी टाकून गेली. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड आणि गावचा नकाशा ही व्यवस्था तेथून रुळली. आज आपण ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो याच मोजणीचा वारसा.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. त्याचे १,०८९ चौरस फूट होतात, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गुंठा सारेजण बोलतात, पण त्याचे फूट किती हे पुष्कळांना सांगता येत नाही. हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याच्यावाचून आम्ही कसे फसलो ते पुढे सांगते.

आता सातबारा. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला, आणि १९१३ साली ती व्यवस्था जमीन महसुलाच्या कायद्यात घेण्यात आली. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात हा कोणाच्या नावे जमीन आहे ते सांगतो, आणि नमुना बारा त्यात पीक कोणते ते सांगतो. दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो ‘सातबारा’. नावात फेर झाला की त्याची नोंद नमुना सहामध्ये होते, त्याला ‘फेरफार’ म्हणतात. हे सारे दप्तर सरकारने बसविले ते सारा कोणाकडून घ्यावयाचा हे कळावे म्हणून. तेव्हा सातबारावर नाव असणे ही मोठी गोष्ट असली, तरी मालकीचा शेवटचा शब्द तो नव्हे. नोंद चुकीची आहे असे कोणी सिद्ध केले तर ती बदलते.

मालकी देणारा कागद निराळा. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याने ठरविले की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकावयाची, तर ते खरेदीखत नोंदले गेलेच पाहिजे. नोंदणीचा आज चालू असलेला कायदा १९०८ सालचा आहे. नुसते साठेखत म्हणजे ‘पुढे विकीन’ असे वचन. त्याने जागा आपली होत नाही. स्टँपपेपर कितीही रुपयांचा असो, त्यावर चार साक्षीदारांच्या सह्या असोत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंद झाली नाही तर ती विक्री झाली असे कायदा मानीत नाही.

हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते. १९८८ साली मामंजींनी सांगली शहराच्या कडेला दोन गुंठे जागा घेतली. सासूबाईंच्या दोन पाटल्या त्यासाठी मोडल्या. शेताच्या मालकाने दोरी धरून तुकडे पाडले होते, आणि स्टँपपेपरवर लिहून दिले. आजूबाजूला सगळ्यांनी तसेच घेतले होते, म्हणून कोणाच्या मनात शंका आली नाही.

असे तुकडे का पडले, त्यालाही कारण आहे. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. शेतीचे बारीक तुकडे होऊन ती कसण्याजोगी राहत नाही, म्हणून ठराविक क्षेत्राच्या खाली तुकडा विकण्यास मनाई झाली. १९४८ च्या कूळकायद्याने, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेण्यास बंदी झाली. दोन्ही कायदे चांगल्या हेतूने केलेले. पण शहरे वाढली, नोकरीला आलेल्या माणसांना मंजूर नकाशातला, बिनशेती झालेला प्लॉट परवडेना. कडेच्या शेतमालकाला पैसे हवे होते. नोंद तर होऊ शकत नव्हती, म्हणून स्टँपपेपरवर गुंठागुंठा विकला जाऊ लागला. यालाच ‘गुंठेवारी’ नाव पडले. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड भागात तर अशा वसाहतीच उभ्या राहिल्या. शेवटी २००१ साली सरकारने गुंठेवारीचा कायदा केला आणि अशा जागा दंड व विकास आकार भरून नियमित करून घेण्याची वाट काढली. २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेण्यात आली.

आम्ही अर्ज करावयास गेलो तेव्हा मोजणी झाली. मालकाने पुढचा रस्ताही आमच्याच दोन गुंठ्यांत धरला होता. २,१७८ चौरस फूट असावयास हवी होती ती जागा १,७०० च्या आसपास भरली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “एक पाटली रस्त्यात गेली म्हणायची.” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. मामंजींनी जागा पाहिली ती एप्रिल महिन्यात. जवळचा ओढा कोरडा होता, मुले त्यात चेंडू खेळत होती. सांगलीकरांना सांगावयास नको की १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे, यावर आपला पावसाळा चालतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी. नदी चढली की पाणी समोरून येत नाही, ओढ्या-नाल्यांतून उलटे शिरते. २००५ साली नदी ५३ फुटांच्या पुढे गेली तेव्हा आमच्या खिडकीपर्यंत पाणी आले. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ फुटांवर गेली आणि घर छपरापर्यंत बुडाले. आम्ही नातेवाइकांकडे बारा दिवस होतो. परत आलो तेव्हा भांडी चिखलात, धान्याला वास, आणि कपाटातला तो स्टँपपेपर लगदा होऊन गेला होता.

नदीकाठच्या गावांच्या नकाशावर पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधावयाचे नाही असा नियम आहे. जागा घेणाऱ्याने ती या रेषांच्या आत की बाहेर हे महापालिकेत आधी पाहावे. आणि त्याच्या जोडीला शेजारच्या घरातल्या बाईला विचारावे, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” ती भिंतीवरची खूण बोटाने दाखवील.

त्यानंतर आम्ही दुसरी जागा शोधू लागलो. २०२२ साली उंचावरच्या एका मंजूर नकाशातला प्लॉट पसंत पडला. दोघे भाऊ विकणार होते, त्यांच्या वडिलांच्या नावचा प्लॉट होता. या वेळी मी आमच्या ह्यांना म्हटले, “खरेदीखताचा कच्चा मसुदा मला एक दिवस घरी ठेवून घ्या.” सातवी पास बाईला ती भाषा जड गेली, पण दोन दुपारी बसून मी तो वाचला आणि शेजारी सातबारा ठेवला.

सातबारावर सगळेजण मालकाचा रकाना पाहतात. उजवीकडे ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीचा हक्क अशा गोष्टी लिहिलेल्या असतात. तेथे मला दोन बायकांची नावे दिसली. त्या दोघा भावांच्या बहिणी होत्या. मसुद्यात मात्र त्यांचे नाव कोठेच नव्हते.

विचारले तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, “वहिनी, बहिणींनी केव्हाच हक्क सोडलाय. तोंडी झालंय सगळं. त्यांना काय नको आहे.”

येथे बायकांच्या हक्काचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९३७ सालच्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता, विकण्याची मोकळीक नव्हती. १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली, आणि बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा ठरविला. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली त्यात दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. २००५ साली साऱ्या देशासाठी दुरुस्ती झाली आणि लग्नाची अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली बाप हयात असो वा नसो, मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे. आणि हक्क सोडावयाचा असेल तर तोंडी सांगून चालत नाही, नोंदलेले हक्कसोडपत्र लागते.

म्हणजे त्या दोघींच्या सह्यांवाचून घेतलेली जागा उद्या अडचणीत आली असती. व्यवहार म्हणून मला सह्या हव्याच होत्या. पण खरे सांगते, मला दुसरेच काही आठवत होते. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी वडील वारले. तेराव्याला काकांनी एक कागद पुढे केला, “इथं सही कर, पोरी.” मी केली. वाचला नाही. वाचावयाचा असतो हेही ठाऊक नव्हते. भावाने मला कधी दुखविले नाही, आजही दिवाळीला तो येतो. माझी तक्रार सहीबद्दल नाही. विचारले असते तरी कदाचित मी सही केलीच असती. पण कोणी विचारले नाही आणि मीही वाचले नाही, हे मनात राहिले आहे.

म्हणून मी त्या भावांना म्हटले, “त्यांना नको असेल तर त्या तसं लिहून देतील. हवं असेल तर वाटा घेतील. पण आधी त्यांना मसुदा वाचायला द्या. मग आम्ही पैसे देऊ.” व्यवहार मोडतो की काय असे आमच्या ह्यांना वाटले. दीड महिना गेला. अखेर दोघी बहिणी कचेरीत आल्या. धाकटीने हक्कसोडपत्र करून दिले. थोरल्या बाई मात्र विकणारी म्हणून भावांच्या बरोबरीने बसल्या, अंगठ्याचा ठसा आणि फोटो झाला, आणि त्यांच्या वाट्याचा चेक त्यांच्या हातात आला. तो त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला.

आमच्या खरेदीखतात आमच्या ह्यांचे आणि माझे अशी दोन नावे लागली. हेही आपोआप झालेले नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची चळवळ केली, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. २००३ साली सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरावर नवरा-बायको दोघांची नावे लावावीत असे ठरविले. २०२१ साली स्त्रीच्या नावे घर विकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत जाहीर झाली.

आता बांधणाऱ्याकडे वळते. जागा आणि कागद ठीक असले तरी घर शेवटी गवंड्याच्या हातात असते. जुन्या काळी गवंडी, सुतार, पाथरवट गावचेच असत. चुन्याच्या घाणीला बैल फिरत, आणि कोणाचा ओळंबा सरळ आणि कोणाचा वाकडा हे सारा गाव जाणत असे. आज नाव ऐकून माणूस ठरवावा लागतो.

ही निवड चुकली, अगर कोणाचेच लक्ष नसले, तर काय होते ते आपण १९९३ साली पाहिले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून माणसे झोपली असता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुष्कळांनी दगडाला दोष दिला. पण दोष दगडाचा एकट्याचा नव्हता. भिंती जाड होत्या, तरी बाहेरचा पदर आणि आतला पदर निराळा, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि जोडायला नुसती माती. दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. वर माळवदाच्या मातीचा जड थर. जमीन हलताच पदर सुटले आणि माळवद खाली आले.

त्यानंतर जे झाले ते आपल्यासारख्या मंडळांनी विसरू नये. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. शिवाय हजारो गावांत पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती करावयाची होती. ती घरवाल्यांनी स्वतः करून घ्यावी, सरकारने पैसे व माल टप्प्याटप्प्याने द्यावा, असे ठरले. लोकांना तंत्र समजावून सांगण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहाय्यक’ नेमण्यात आले. ज्या बायका ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या, त्या छपरावरची माती का कमी करावयाची, भिंतीतून आरपार बांध का घालावयाचा, दारे-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा का फिरवावयाचा, हे घरोघर जाऊन सांगू लागल्या आणि गवंड्याच्या कामावर उभ्या राहू लागल्या. त्या काही इंजिनियर नव्हत्या. हळदीकुंकू आणि भिशी करणारी आपल्यासारखीच मंडळे होती ती.

त्यांची आठवण ठेवून आम्ही मक्तेदार पाहिला. त्याने नुकतेच पुरे केलेले घर पाहिले नाही, पाच वर्षांपूर्वी बांधलेले पाहिले, आणि तेही पावसाळ्यात. त्या घरच्या वहिनींना स्वयंपाकघरात बसून विचारले. गळते का, भेगा पडल्या का, बोलावले तर माणूस येतो का. तिघांपैकी एकाचे नाव काढताच एक वहिनी नुसत्या हसल्या. तेवढ्यावरून तो सोडला.

मग करार लेखी केला. दर चौरस फुटाचा की एकूण कामाचा, माल कोणाचा, सळई किती जाडीची, हे सारे त्यात लिहिले. पैसे पाया, जोते, लिंटेल, स्लॅब आणि गिलावा अशा टप्प्यांनी, काम झाल्यावर द्यावयाचे. शेवटची थोडी रक्कम पहिला पावसाळा गेल्यावर द्यावयाची. २०१६ सालचा रेरा कायदा बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांना मोठे संरक्षण देतो. बिल्डरला ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच कामाच्या खात्यात ठेवावी लागते, आणि बांधणीचा दोष निघाला तर पाच वर्षांपर्यंत दुरुस्त करून द्यावा लागतो. पण आपल्या प्लॉटवर आपण मक्तेदाराकडून एक घर बांधून घेतो तेव्हा हा कायदा कामाला येत नाही. तेथे आपला करार आणि आपले डोळे एवढेच असते.

डोळ्यांनी काय पाहावयाचे? सिमेंटच्या पोत्यावर ते केव्हा तयार झाले तो आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते मी परत पाठविले. मिस्त्री म्हणाला, “आजवर कोणत्या बाईनं पोतं वाचलं नव्हतं.” स्लॅब पडल्यावर वर वाफे करून चौदा दिवस पाणी ठेवले. ते काम मात्र मी कोणावर सोपविले नाही. भाजीच्या वाफ्याला पाणी घालणाऱ्या बाईला ते शिकवावे लागत नाही.

सासूबाई नव्या घरात आल्या तेव्हा देवाला नमस्कार करून त्यांनी पहिली गोष्ट विचारली, “कागद कुठं ठेवलेत?” मी त्यांना दाखविले. वरच्या मजल्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात, नोंदलेले खरेदीखत, सूची क्रमांक दोन, सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा. त्यांनी डोळ्यांना चष्मा लावून माझे नाव कोठे आहे ते विचारले आणि त्यावर बोट ठेवले.

आपल्या मंडळात पुष्कळ भगिनींच्या घरी असे कागद कपाटात पडून असतील. नियम बदलत असतात, तेव्हा तहसील कचेरीत अगर वकिलाकडे विचारणे भागच आहे. पण त्याआधी ते आपण वाचलेले असावेत. महिन्यातून एका दुपारी चारजणींनी आपापला सातबारा घेऊन मंडळात बसावे आणि मिळून वाचावा, एवढी सूचना करून हा लेख पुरा करते.